बसण्याच्या जागेचे मोल

गेल्या हिवाळ्यात पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघे अध्यापक नाशिकला गेलो होतो. कारखाना पाहून झाला, टिपणे झाली, आणि परतीच्या प्रवासापूर्वी दोन तास मोकळे मिळाले. पांडवलेणी पाहून येऊ, असे मी सुचवून पाहिले. सूचनेचा आदरपूर्वक स्वीकार झाला, तितक्याच आदराने ती बाजूला ठेवण्यात आली, आणि आमची बस एका मॉलच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बेलापूर, श्रीरामपूर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची ही मुले. वरच्या मजल्यावर 'फूड कोर्ट' नावाचे जे प्रशस्त दालन असते तेथे पोहोचल्यावर, दाक्षिणात्य, पंजाबी, इटालियन असे नाना तऱ्हेचे ठेले समोर असताना, बहुतेकांची रांग लागली ती चायनीजच्या ठेल्यापुढे.

हक्का नूडल्सच्या एका प्लेटची किंमत दोनशे तीस रुपये. वर पाच टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण २४१ रुपये ५० पैसे. हाच पदार्थ बेलापुरात रस्त्याकडेच्या गाडीवर सत्तर रुपयांना मिळतो, आणि खरे सांगायचे तर तो अधिक गरम व अधिक चविष्ट असतो. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला जवळजवळ साडेतीनपट किंमत पाहून गप्प बसवत नाही. दोन मुलींनी मिळून एकच प्लेट घेतली होती आणि ती पुढ्यात ठेवून त्या पाऊण तास गप्पा मारीत बसल्या होत्या. "गावात सत्तर रुपयांना मिळतं, त्याला इथं एवढे पैसे का दिलेत?" असे मी विचारले. त्यांतील एकीने जरा थांबून उत्तर दिले, "सर, गावातल्या गाडीवर आम्ही कधी खाल्लंच नाही. घरी पार्सल येतं. इथं बसता येतं. आणि कुणी बघत नाही."

प्रश्न विचारण्यात माझी चूक झाली होती, हे ह्या उत्तराने माझ्या ध्यानात आले. मी एकाच वस्तूच्या दोन किमती पाहत होतो. वस्तुतः त्या दोन निराळ्या वस्तू होत्या. गाडीवर नूडल्स विकत मिळतात. मॉलमध्ये टेबल, खुर्ची, उजेड, हात धुण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि पाऊण तासाची निश्चिंती विकत मिळते, आणि तिच्यासोबत नूडल्स येतात.

चायनीज खाण्याविषयी आपल्याकडे जी टीका चालते ती मात्र ह्या मुद्द्याला कधीच स्पर्श करीत नाही. तिचा पहिला आक्षेप परकेपणाचा असतो. त्याविषयी साखरेच्या मुलखातील लोकांनी थोडे जपून बोलावे, असे मला वाटते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत, आछी नावाचा एक चिनी गृहस्थ कलकत्त्याच्या दक्षिणेस हुगळीकाठी उतरला. जमीन मिळवून त्याने तेथे ऊस लावला आणि साखरेचा कारखाना काढला. ते ठिकाण आजही त्याच्याच नावाने, अछिपूर म्हणून, ओळखले जाते. हिंदुस्थानातील चिनी वसाहतीचा आरंभ असा उसाच्या फडातून झाला. ज्या तालुक्यातील हरेगावच्या जुन्या कारखान्याने बेलापूरचे नाव आपल्या पाटीवर मिरवले, त्या तालुक्याला हा पाहुणा अगदीच परका वाटू नये.

आछीच्या मागून आलेल्यांत हक्का जमातीचे लोक पुष्कळ होते. त्यांनी कलकत्त्यात चामडे कमावण्याचा धंदा केला, आणि टांग्रा भागातील त्यांच्या स्वयंपाकघरांतून आपल्याकडच्या 'चायनीज'ची मूळ चव घडली. १९६२ च्या युद्धाच्या वेळी ह्याच समाजातील सुमारे तीन हजार माणसे, केवळ वंशाने चिनी म्हणून, राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबली गेली. पुढे त्यांतील कित्येक कुटुंबे देश सोडून गेली. जी राहिली त्यांतून काही माणसे मुंबईत आली. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वँग ह्या स्वयंपाक्याने १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये लसूण, आले आणि हिरवी मिरची ह्या आपल्या नेहमीच्या वाटणाला सोया सॉस व मक्याचे पीठ जोडून जो पदार्थ केला, तो 'मंचुरियन'. मांचुरियात तो कोणाला ठाऊक नाही. आपण ज्याला 'शेजवान' म्हणतो त्या लाल चटणीचेही सेचुआन प्रांताशी नाते नावापुरतेच आहे. ही चटणी बाटल्यांतून विकणारी कंपनी २०२४ साली ५,१०० कोटी रुपये मूल्य ठरवून टाटा समूहाने आपल्याकडे घेण्याचा व्यवहार केला. एवढ्या पैशांची वस्तू परकी म्हणून झटकून टाकण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. आणि गाडीवर जो कोबी व कांद्याची पात चिरली जाते ती आपल्याच मळ्यांतली असते. ज्या अजिनोमोटोच्या नावाने बोटे मोडली जातात त्याचा शोध इकेदा नामक जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्रशेवाळापासून लावला खरा. पण आता ते पुष्कळदा उसाच्या मळीसारख्या पदार्थांवर आंबवण्याची क्रिया करूनच तयार होते. असो.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. तो खरा आहे. मैदा, भडक रंग आणि पुन्हापुन्हा तापवलेले तेल ह्यांची तरफदारी कोणी शहाणा माणूस करणार नाही. फक्त हाच न्याय आपण बसस्थानकाबाहेरच्या भज्यांना लावीत नाही, एवढेच सांगून पुढे जातो.

तिसरा आक्षेप उधळपट्टीचा, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो शिक्षक, कारकून, लहान शेतकरी अशा घरांतूनच अधिक ऐकू येतो. मॉलवाले भाडे अवाच्या सव्वा घेतात, म्हणून तेथील पदार्थ महाग, आणि आपली मुले त्या भाड्याला बळी पडतात, असा त्याचा सर्वसाधारण आशय असतो. भाडे मोठे असते हे खरेच आहे. ठेलेवाल्याला ठरावीक रक्कम किंवा विक्रीतील हिस्सा मालकाला द्यावा लागतो, शिवाय दिवे, वातानुकूलन, झाडलोट ह्यांचा खर्च वेगळा. परंतु डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली धान्य आणि जमिनीचा खंड ह्यांच्याविषयी जी गोष्ट समजावून सांगितली, ती येथेही लागू पडते. खंड जास्त म्हणून धान्य महाग होत नाही. धान्याला चढा भाव मिळतो म्हणून जमीनमालकाला जास्त खंड मागता येतो. फूड कोर्टचे भाडे चढे आहे, कारण तेथील दोनशे तीस रुपयांची प्लेट खपते. ती का खपते, ह्याचे उत्तर त्या मुलीने दिलेच होते. निर्धास्तपणे बसून खाण्याची दुसरी जागा तिला आपल्या गावात कोणी ठेवलेली नाही. सुपीक जमीन थोडी असली की तिचा खंड वाढतो. तशीच बसायची जागा दुर्मीळ झाली की तिचेही भाडे वाढते. ह्या दुर्मीळतेला मॉलचा मालक जबाबदार नाही. तो तिचा लाभ घेतो, इतकेच.

आता गावाकडे यावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यातील) कोणत्याही बाजारगावात संध्याकाळी चक्कर मारली तर लाल रंगाची, पंख पसरलेल्या ड्रॅगनचे चित्र असलेली चायनीजची गाडी दिसतेच. बहुधा ती दारूच्या दुकानाच्या किंवा परमिट रूमच्या आसपास असते. मागच्या बाजूला हिरवी जाळी बांधलेली, तिच्या आड दोन-चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दिवा मुद्दामच मंद. दारूबरोबर काहीतरी तिखट लागते. ते झटपट आणि स्वस्त देणारा हा धंदा अंधाराच्या आश्रयाने वाढला. तेथे मुली जाऊ शकत नाहीत. त्यांच्या आया तर नाहीतच. भाऊ किंवा वडील पॉलिथिनच्या पिशवीत मंचुरियन बांधून आणतात, आणि घरच्या ताटात ओतून ते निवलेले खाल्ले जाते. पदार्थ गावात आहे, तो घेण्याइतके पैसे घरात आहेत, खाण्याची इच्छा आहे; आणि तरीही गावातील निम्म्या लोकांना तो तयार होतो तेथे उभे राहून खाता येत नाही. मागणी म्हणजे इच्छा अधिक क्रयशक्ती, असे आम्ही वर्गात शिकवतो. त्या व्याख्येत जागेचाही अंतर्भाव करावा काय, असा विचार नाशिकहून परतताना माझ्या मनात येत होता.

जुन्या काळी ह्या अडचणीवर एक तोडगा होता, तो म्हणजे 'फॅमिली रूम'. मुंबईच्या इराण्याकडे आणि जिल्ह्याच्या गावांतील बऱ्याच हॉटेलांत पडदा लावलेली किंवा फळ्यांची आडभिंत घातलेली ही खोली असे. बाईमाणसाने बाजारात येऊन चहा घ्यावा, मिसळ खावी, ह्यात गैर काही नाही, एवढी कबुली त्या पडद्याने दिली होती. मात्र तिने कोणाच्या तरी सोबत यावे आणि कोणाला दिसू नये, ही अटही त्यानेच घातली होती. चार मैत्रिणी आपापल्या पैशांनी आल्या तर त्यांना 'फॅमिली' म्हणावे की नाही, हा प्रश्न त्या काळी सहसा उद्भवला नाही. आता तो रोज उद्भवतो. आमच्या वर्गांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीने दिसू लागली आहे. महाविद्यालय सुटल्यानंतर आणि गावाकडची एस.टी. येईपर्यंत जो तास-दीड तास असतो, तो त्या बसस्थानकाच्या भिंतीला टेकून उभ्याने काढतात.

ह्याबाबत कायद्याचे काय, असे कोणी विचारील. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले ह्यांत प्रवेश करण्याच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्या कारणांवरून कोणावरही निर्बंध घालता येणार नाहीत, असे १९५० पासून बजावून ठेवले आहे. घटनाकारांना उपाहारगृहाचे महत्त्व किती नेमके कळले होते! ज्यांच्यासाठी चहाच्या हॉटेलात कानतुटकी कपबशी वेगळी ठेवली जात असे, त्यांना ते कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पण चायनीजच्या गाडीवर मुलींना येऊ नका असे कोणीच म्हणत नाही. तेथे फक्त माणसे बघतात. ह्या बघण्याविरुद्ध कोणत्या न्यायालयात दाद मागायची? त्यावर उपाय एकच, तो म्हणजे अशी जागा की जेथे मुली, आया, म्हातारी माणसे, लेकुरवाळी कुटुंबे इतक्या संख्येने बसलेली असतील की बघणाऱ्याच्या दृष्टीला विशेष असे काही उरणार नाही.

अशा जागा सरकारने उभ्या केल्याचे उदाहरण जगात आहे, आणि ते नूडल्सच्याच संदर्भातले आहे. सिंगापूरमध्ये १९६८-६९ साली रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी झाली तेव्हा ती संख्या सुमारे चोवीस हजार भरली. घाण, दुर्गंधी आणि रोगराई ह्यांची तक्रार तेथेही होती. परंतु गाड्या उचलून नेण्यावर न थांबता १९७१ ते १९८६ ह्या काळात शासनाने छपराखालची केंद्रे बांधली: ओळीने गाळे, मधोमध सर्वांची समाईक टेबले, पाण्याचे नळ, सांडपाण्याची गटारे, शौचालये. चिनी नूडल्सच्या शेजारी मलायी भात आणि तमिळ मंडळींचे पदार्थ विकले जाऊ लागले. आता अशी शंभरावर केंद्रे तेथे आहेत, आणि २०२० साली युनेस्कोने त्या खाद्यपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. आपण मॉलच्या वरच्या मजल्यावर जे पाहतो तीच ही मांडणी. फरक एवढाच की तेथे ती राहत्या वस्तीच्या तळमजल्याशी, सामान्य माणसाला परवडेल अशा दरात आहे.

आपल्याकडेही थोडे काही झाले आहे. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाद्यबाजाराला २०१८ मध्ये देशातील पहिले 'स्वच्छ' खाद्यकेंद्र म्हणून प्रमाणित करण्यात आले. केंद्र सरकारने २०२३ साली शंभर जिल्ह्यांत शंभर आरोग्यदायी खाऊगल्ल्या उभारण्याची योजना जाहीर करून प्रत्येकीसाठी एक कोटी रुपये देऊ केले. फेरीवाल्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा २०१४ पासून आहे. परंतु ह्या कायद्याची नजर शहरावर आहे. तो महापालिका, नगरपालिका, नगरपंचायती ह्यांना उद्देशून आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतला गाडीवाला त्याच्या कक्षेतच येत नाही. बेलापूरसारख्या हजारो वस्तीच्या बाजारगावाला कायदा खेडे समजतो, म्हणून तेथे फेरीवालाच नाही असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्र शासनाने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आणि २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी देऊ केली, त्यांत भुकेचा विचार होता आणि तो योग्यच होता. भूक भागलेल्या माणसालाही सायंकाळी चार माणसांत बसून काही खावेसे वाटते, ही गरज मात्र कोणत्याच योजनेच्या मसुद्यात आलेली मला आठवत नाही.

मॉलवर भिस्त ठेवून ती भागणार नाही. नाशिक बेलापूरपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे, हे एक कारण. दुसरे कारण दाराशीच उभे असते. मुंबईत १९९९ साली सुरू झालेल्या 'क्रॉसरोड्स' ह्या मॉलने आरंभी मोबाईल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यालाच फुकट प्रवेश दिला होता. इतरांनी साठ रुपये भरावेत अशी अट होती. ओरड झाल्यावर ती मागे घेतली गेली. आता अशी अट कोठे नसते. तरीही आमच्या बसमधला एक मुलगा, रबरी चपला घातलेला, सुरक्षारक्षकाच्या चौकटीपाशी येऊन घुटमळला आणि "मी बसमध्येच थांबतो, सर" म्हणाला. त्याला कोणी अडवले नव्हते. मी त्याला हाताला धरून आत नेले, पण आत गेल्यावर त्याने काही खाल्ले नाही.

म्हणून माझे म्हणणे ग्रामपंचायतीकडे आहे. बाजारतळाच्या एका कडेला पत्र्याचे छप्पर, दहा-बारा सिमेंटची टेबले व बाके, दोन नळ, सांडपाण्याची सोय, स्त्रियांसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह आणि लख्ख उजेड. चायनीजवाला, वडापाववाला, पाणीपुरीवाला ह्यांना ओळीने गाड्या लावायला आखलेली जागा. आणि त्या आवारात दारू नाही, हा नियम. बाजार भरवणे व दिवाबत्ती ही ग्रामपंचायतीची १९५८ च्या अधिनियमापासूनची कामे आहेत. २०२१ ते २०२६ ह्या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छता ह्यांसाठीच बांधून दिली होती. तेव्हा नळ आणि शौचालय मागणे म्हणजे आकाशातला चंद्र मागणे नव्हे. ह्याच प्रवरेच्या खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी आणि धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ एकत्र आले, आणि १९५० साली शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याची चाके फिरली. त्या खोऱ्याला दहा टेबलांची व्यवस्था झेपणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

अडचण आहे ती वेगळीच, आणि ती मला एका गाडीवाल्याने दाखवून दिली. पुण्यातील एका हॉटेलच्या भटारखान्यात तो काम शिकला. २०२० च्या टाळेबंदीत गावी परतला आणि उसनवारी करून त्याने गाडी टाकली. माझी योजना त्याने शांतपणे ऐकून घेतली. दहा प्लेटांपैकी सहा-सात पिणाऱ्यांच्या असतात, असा त्याचा हिशेब. "सर, मी उजेडात गेलो तर हे गिऱ्हाईक तिकडं येणार नाही," तो म्हणाला, "आणि घरची माणसं पहिल्याच दिवशी येतील का? मधले सहा महिने मी काय खाऊ?" ह्या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. पहिले सहा महिने जागेचे काहीच भाडे घेऊ नये, सगळ्या गाड्या एकाच दिवशी हलवाव्यात, महाविद्यालय सुटण्याच्या वेळेपासून त्या लावू द्याव्यात, असे काही पर्याय आम्ही दोघांनी कढईच्या धुरात उभे राहून चाचपून पाहिले. दुपारी चारला गाडी लावली तर दोन तासांचे गिऱ्हाईक जास्त मिळेल, हे त्याला पटल्यासारखे दिसले.

बाजारकराची पावती तो आजही फाडतो. त्याबद्दल त्याला ना नळ मिळतो, ना दिवा. पाणी तो घरून ड्रममध्ये भरून आणतो. नव्या जागेचे किती द्याल, असे मी निघता निघता विचारले. त्याने नूडल्स उलटता उलटता हिशेब केला. "रोजचे पन्नास देईन, सर. पण आधी नळ, मग पावती."